शॅडो स्टॅकचा कर्नल इंटरफेस: फॉल्ट थांबवण्याआधी टोकन कोण बनवणार ते ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही एक्स८६-६४ साठी स्वतःचं छोटं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिताय. त्यात युजर प्रोग्रामसाठी प्रोसेसरचा शॅडो स्टॅक, म्हणजे परतीच्या पत्त्यांची प्रोसेसरने जपलेली दुसरी प्रत, चालू केलात. साधे प्रोग्राम चालले, पण सिग्नल (कर्नलने प्रोग्रामला मधेच दिलेला इशारा) हाताळणाऱ्या हँडलरमधून परतताना आणि कोरूटिन (मधेच थांबवून पुन्हा चालू करता येणारं, स्वतःचा स्टॅक असलेलं काम) बदलताना कंट्रोल प्रोटेक्शन फॉल्ट येऊ लागला. त्यावर तुम्ही दोन उपाय सुचवले आहेत. पहिला, एमप्रोटेक्टला (मेमरीच्या परवानग्या बदलणाऱ्या सिस्टिम कॉलला) एक नवं फ्लॅग देऊन प्रोग्रामला हवं ते पेज शॅडो स्टॅक करू द्यायचं. दुसरा, शॅडो स्टॅकवर लिहिणारी डब्ल्यूआरएसएस ही सूचना कायम खुली ठेवायची, म्हणजे लायब्ररी आपलं आपण निस्तरेल. आणि विचारताय, एवढं पुरेल का, किमान किती सिस्टिम कॉल लागतील?

एवढ्याने फॉल्ट थांबतील. संरक्षणही थांबेल.

तुमची खरी अडचण फॉल्टची नाहीच. कॉल आणि रिटर्नची जोडी मोडणाऱ्या काही गोष्टी कायदेशीर असतात: सिग्नल, लाँगजम्प (अनेक फंक्शनं ओलांडून एकदम मागे उडी), कोरूटिन, एक्सेप्शन, डीबगर. काही बेकायदेशीर असतात. प्रोसेसरला यातला फरक कळत नाही, त्याला फक्त दोन पत्ते जुळतात की नाही एवढंच दिसतं. फरक सांगायचं काम तुमच्या इंटरफेसचं आहे. त्यामुळे मी प्रत्येक कॉलला एकच प्रश्न विचारतो: ज्याच्या हातात प्रोग्रामची सगळी साधी मेमरी आहे, वाचायला आणि लिहायलाही, पण अजून ज्याला स्वतःचा कोड चालवता आलेला नाही, तो हल्लेखोर हे दार वापरू शकेल का? शॅडो स्टॅक याच हल्लेखोरासाठी आहे. ज्याला मनासारखे सिस्टिम कॉल करता येतात त्याला हे तंत्र अडवू शकत नाही, आणि तसा आव आणून इंटरफेस अवघड करण्यातही अर्थ नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्या कर्नलमध्ये युनिक्ससारखे सिग्नल नसतील, सगळं मेसेज पाठवूनच होत असेल, तर खालचा बराच भाग तुमच्यासाठी गैरलागू आहे आणि तुम्ही नशीबवान आहात. ३२-बिट प्रोग्राम चालवायचे असतील तर काम वाढेल. लिनक्सने एक्स८६ वर युजर शॅडो स्टॅक फक्त ६४-बिट प्रोग्रामसाठी ठेवला आहे, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं आहे. जुन्या तयार बायनरी चालवायच्या आहेत की सगळं सॉफ्टवेअर तुम्हीच बांधणार, यावर तर अर्धा आराखडा ठरतो. तुम्ही सिग्नल आणि कोरूटिन दोन्हींचा उल्लेख केलाय, म्हणून युनिक्ससारखं कर्नल धरूनच पुढे लिहितो.

हार्डवेअर काय देतं ते थोडक्यात. कॉल सूचना परतीचा पत्ता नेहमीच्या स्टॅकवर ठेवते तसाच शॅडो स्टॅकवरही ठेवते. रिटर्न दोन्हीकडचे पत्ते काढून ताडून पाहते आणि जुळले नाहीत तर एक्सेप्शन क्रमांक २१, म्हणजेच कंट्रोल प्रोटेक्शन फॉल्ट, येतं. शॅडो स्टॅकच्या पेजवर साधी मूव्ह सूचना लिहू शकत नाही. इंटेलने हे २०२० च्या टायगर लेकमध्ये आणलं, एएमडीने झेन ३ मध्ये. आर्मकडे याच धर्तीवर गार्डेड कंट्रोल स्टॅक आहे. फॉल्टचा एरर कोड लॉगमध्ये छापायला आत्ताच सुरुवात करा: १ म्हणजे साध्या रिटर्नवर पत्ता जुळला नाही, ४ म्हणजे स्टॅक बदलताना टोकन (त्या स्टॅकवर जाऊ देणारी नोंद) चुकलं. तुम्ही वर्णन केलेले दोन्ही क्रॅश बहुधा १ चेच असतील. सिग्नलच्या वेळी तुमचं कर्नल ट्रॅम्पोलिनचा (हँडलर संपल्यावर चालणाऱ्या छोट्या कोडचा) पत्ता फक्त नेहमीच्या स्टॅकवर ठेवतंय, आणि कोरूटिन बदलताना लायब्ररी फक्त नेहमीचा स्टॅक पॉइंटर बदलतेय.

आता मेमरी. एमप्रोटेक्टचा मार्ग का नको? कारण त्यात आधी साधं, लिहिता येणारं पेज असतं आणि मग त्याचा शॅडो स्टॅक होतो. त्या पेजात आधीच कोणी काय भरून ठेवलंय हे कर्नलला माहीत नसतं. हल्लेखोराने खोटे परतीचे पत्ते आणि खोटं टोकन रचून ठेवलं की तुमचाच सिस्टिम कॉल त्यावर शिक्का मारतो. म्हणून शॅडो स्टॅक जन्मापासून शॅडो स्टॅकच असला पाहिजे. कर्नलने शून्य भरलेली नवी मेमरी द्यावी आणि तिचा प्रकार पुढे कधीही बदलू देऊ नये. लिनक्समध्ये यासाठी मॅप-शॅडो-स्टॅक हा वेगळा सिस्टिम कॉल आहे, क्रमांक ४५३. तो पत्ता, आकार आणि फ्लॅग घेतो. फ्लॅगमध्ये सांगितलं तर मेमरी बनवतानाच वरच्या टोकाला एक टोकन लिहून देतो. हा फ्लॅग वरवर किरकोळ सोय वाटतो, पण सगळ्या इंटरफेसचा कणा तोच आहे. टोकन कर्नलने लिहिलं नाही तर प्रोग्रामला ते लिहावं लागेल, म्हणजे डब्ल्यूआरएसएस खुली करावी लागेल, आणि मग शॅडो स्टॅकवर लिहू शकणारी सूचना प्रोग्रामच्या आवाक्यात कायमची येऊन बसेल.

टोकन म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत पाहू, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. समजा कर्नलने ४०९६ बाइटचा नवा शॅडो स्टॅक दिला, पत्ता ४०९६० पासून ४५०५६ पर्यंत. (खरे पत्ते याहून खूप मोठे असतात, हे फक्त हिशोबाला सोपे.) टोकन शेवटच्या आठ बाइटांत, म्हणजे ४५०४८ वर बसतं. त्याची किंमत असते ४५०५७: स्टॅकचा वरचा पत्ता ४५०५६, आणि सर्वांत खालचा बिट १, म्हणजे ‘६४-बिट मोड’. टोकनमध्ये स्वतःचाच पत्ता गुंतलेला असल्यामुळे ते उचलून दुसरीकडे ठेवलं तर चालत नाही.

आता चालू कोरूटिनचा शॅडो स्टॅक पॉइंटर ९०००० वर आहे आणि नव्या स्टॅकवर जायचंय. लायब्ररी आरस्टोरएसएसपी ही सूचना ४५०४८ हा पत्ता देऊन चालवते. प्रोसेसर तिथलं टोकन तपासतो, आणि त्याच अविभाज्य क्रियेत त्या जागी ९०००३ लिहितो: जुना पॉइंटर, मोडचा बिट, आणि ‘हा मागच्या स्टॅकचा माग आहे’ असं सांगणारा दुसरा बिट. पॉइंटर आता ४५०४८ वर आला. पुढची सूचना सेव्हप्रिव्हएसएसपी. ती हा माग काढून घेते आणि जुन्या स्टॅकवर ८९९९२ या पत्त्यावर ९०००१ असं नवं टोकन ठेवते. पॉइंटर ४५०५६ वर जातो, म्हणजे नवा स्टॅक पूर्ण रिकामा. परत यायचं असेल तेव्हा ८९९९२ वरचं टोकन वापरायचं.

यात तुमच्या कर्नलने एकही सिस्टिम कॉल केला नाही, कोरूटिन बदलण्याचा वेग टिकला, आणि तरी हल्लेखोराला मधे घुसता आलं नाही. टोकन हे परतीचं तिकीट आहे, एकदा वापरलं की फाटतं. दोन थ्रेडनी एकाच वेळी एकाच स्टॅकवर जायचा प्रयत्न केला तर एकालाच मिळतं, दुसऱ्याला एरर कोड ४. डब्ल्यूआरएसएस खुली ठेवण्याच्या तुमच्या योजनेत नेमका हाच गुण हरवतो. लायब्ररी हवं तिथे टोकन लिहू शकत असेल, तर तिला चुकीचा पत्ता पुरवणारा हल्लेखोरही तिच्याच हाताने टोकन लिहून घेतो. ज्यांना खरोखर गरज आहे, उदाहरणार्थ प्रोसेस गोठवून पुन्हा उभी करणारी साधनं, त्यांच्यासाठी डब्ल्यूआरएसएस वेगळं वैशिष्ट्य म्हणून ठेवा: मुळात बंद, वेगळ्या विनंतीने चालू होणारं, आणि कुलूप लावता येणारं.

एक बारकावा जाता जाता. कोरूटिन संपली आणि तिच्या स्टॅकवर पुन्हा कधीच यायचं नसेल तर सेव्हप्रिव्हएसएसपी चालवूच नका; नुसता माग इन्कएसएसपीने एक घर पुढे सरकून टाकून द्या. मग मेलेल्या स्टॅकवर टोकन शिल्लकच राहत नाही. मात्र तो स्टॅक मोकळा कोण करणार हे लायब्ररीच्या लेखकाशी आधीच ठरवून घ्या. मेककॉन्टेक्स्टसारख्या जुन्या इंटरफेसमध्ये संदर्भ बनवायचं फंक्शन आहे, नष्ट करायचं नाही, कारण नेहमीचा स्टॅक प्रोग्राम स्वतः आणून देत असे. शॅडो स्टॅक तसा मॅलॉकने (साधी मेमरी देणाऱ्या फंक्शनने) आणून देता येत नाही, तो फंक्शनला आतल्या आत मागावा लागतो, आणि मग त्याचा शेवट कोणाच्याच जबाबदारीत नसतो. तुमचं कर्नल नवं आहे, तेव्हा नष्ट करायचं फंक्शन पहिल्या दिवसापासून द्या.

लाँगजम्पला कर्नलची मदत लागत नाही. इन्कएसएसपी पॉइंटर पुढे सरकवते, एका वेळी जास्तीत जास्त २५५ घरं, म्हणजे २०४० बाइट. लायब्ररी जरूर तितक्या वेळा ती चालवते. एक्सेप्शन उलगडणारा कोडही हेच करतो. कर्नलच्या बाजूने इथे एकच जबाबदारी आहे: दोन शॅडो स्टॅकमध्ये किमान एक रिकामं पेज राखणं. इन्कएसएसपी सरकण्याच्या पट्ट्यातलं पहिलं आणि शेवटचं घर वाचून पाहते, आणि २०४० बाइट ४०९६ पेक्षा कमी असल्यामुळे एका उडीत ते पेज ओलांडता येत नाही. हे पेज नसेल तर एका थ्रेडचा पॉइंटर घसरून शेजारच्याच्या स्टॅकवर जाईल, आणि तिथले पत्ते प्रोसेसरला अगदी अस्सल वाटतील.

आता सिग्नल. इथे कर्नल स्वतःच कॉल-रिटर्नचा नियम मोडतं, त्यामुळे निस्तरायचंही त्यानेच. हँडलर सुरू करण्याआधी शॅडो स्टॅकवर दोन गोष्टी ठेवा. आधी जुना पॉइंटर, पण त्याचा ६३ क्रमांकाचा, म्हणजे सर्वांत वरचा बिट १ करून. त्याखाली ट्रॅम्पोलिनचा पत्ता. हँडलर रिटर्न करतो तेव्हा ट्रॅम्पोलिनचा पत्ता दोन्हीकडे जुळतो. मग ट्रॅम्पोलिन सिगरिटर्न (सिग्नलआधीची अवस्था परत आणणारा सिस्टिम कॉल) बोलावतं, तेव्हा पॉइंटर नेमका त्या खुणेच्या नोंदीवर असतो. कर्नल ती वाचतं, वरचा बिट आहे का पाहतं, उरलेला पत्ता युजरच्या हद्दीत आणि आठने भाग जाणारा आहे का पाहतं, आणि मगच पॉइंटर पूर्ववत करतं. वरचा बिटच का? कारण युजर मोडचा कोणताही वैध पत्ता तो बिट १ असलेला नसतो. त्यामुळे ही नोंद चुकूनही परतीचा पत्ता किंवा स्टॅक बदलायचं टोकन म्हणून चालत नाही, आणि उलटही होत नाही. तीन प्रकारच्या नोंदी एकाच स्टॅकवर राहणार असतील तर त्या एकमेकींची सोंगं घेऊ शकणार नाहीत, एवढी काळजी स्वरूप ठरवतानाच घ्यायची.

ही नोंद वाचताना एक सापळा आहे. सगळा स्टॅक रिकामा झालेला असेल तर पॉइंटर स्टॅकच्या टोकाच्या बाहेर, पुढच्या पेजच्या पहिल्या बाइटवर असू शकतो. ते पेज साधी मेमरी असेल तर तिथली ‘नोंद’ हल्लेखोराने लिहिलेली असणं सहज शक्य आहे. कर्नलचं साधं वाचन तिला हरकत घेणार नाही. म्हणून पॉइंटर पेजच्या सुरुवातीला असेल तेव्हा तो भाग खरंच शॅडो स्टॅक आहे का, हे मेमरीच्या नकाशात पाहूनच वाचा.

जुना पॉइंटर नेहमीच्या सिग्नल फ्रेममध्ये, इतर रजिस्टरांशेजारी ठेवण्याचा मोह होईल. ठेवू नका. ती फ्रेम साध्या मेमरीत असते. एक्स८६ वर हा पॉइंटर एक्ससेव्हच्या (रजिस्टरं जपून ठेवणाऱ्या सोयीच्या) सुपरवायझर, म्हणजे फक्त कर्नलच्या, भागात येतो, तो फ्रेममध्ये आपोआप जात नाही, ही चांगली गोष्ट आहे. एक मर्यादा मात्र उरतेच: सूचनेचा पत्ता अजूनही त्याच साध्या फ्रेममध्ये असतो. खरा सिग्नल चालू असताना हल्लेखोराने तो बदलला, तर सिगरिटर्न त्याला नव्या जागी नेईल. खुणेच्या नोंदीमुळे सिग्नल आलेला नसताना खोटं सिगरिटर्न करता येत नाही, एवढंच पदरात पडतं. माझ्या मते तेही कमी नाही, पण तुमच्या दस्तऐवजात ही मर्यादा स्पष्ट लिहा.

सिगअल्टस्टॅकचं काय? लिनक्समध्ये पर्यायी सिग्नल स्टॅक असला तरी शॅडो स्टॅक बदलत नाही, हँडलरच्या नोंदी त्याच शॅडो स्टॅकवर जातात. नेहमीचा स्टॅक भरून वाहिला तर चालतं, कारण प्रत्येक कॉलमागे शॅडो स्टॅकवर आठच बाइट जातात आणि नेहमीच्या स्टॅकवर निदान तेवढे जातातच. पण शॅडो स्टॅकच भरला तर सिग्नल पोचवायला जागा नसते आणि प्रोसेस मरते. म्हणून आकार ठरवताना कंजुषी नको. लिनक्स एक्स८६ वर मुख्य थ्रेडला नेहमीच्या स्टॅकच्या मर्यादेइतका किंवा ४ जीबी, यांतला लहान आकार देतं. आर्मवर त्या मर्यादेच्या निम्मा किंवा २ जीबी. हे फक्त पत्त्यांचं आरक्षण आहे, खरी मेमरी हात लागेल तशीच खर्च होते. तुमच्या कर्नलमध्ये मेमरी मागताक्षणी दिली जात असेल, तर हा हिशोब तुम्हाला नव्याने मांडावा लागेल.

कर्नल स्वतः युजरच्या वतीने कुठे कुठे लिहितं, याकडे सहसा कोणी पाहत नाही. रीड सिस्टिम कॉलला शॅडो स्टॅकचा पत्ता दिला तर? कर्नल साध्या सूचनेने लिहायला जाईल, फॉल्ट येईल, प्रोग्रामला चुकीच्या पत्त्याची त्रुटी मिळेल. हे ठीकच झालं. पण थेट डिस्कवरून वाचन, किंवा आधी पेज अडकवून ठेवणारे बफर? तिथे कर्नल युजरचं पेज पकडतं आणि स्वतःच्या नकाशातून, म्हणजे लिहिता येणाऱ्या दुसऱ्या पत्त्यावरून, त्यात डेटा ओततं. शॅडो स्टॅकचं संरक्षण युजरच्या पेज टेबलमध्ये आहे, या मार्गाला ते आडवं येतच नाही. म्हणून लिहिण्यासाठी पेज पकडणाऱ्या फंक्शनमध्ये शॅडो स्टॅकला सरळ नकार द्या. अपवाद फक्त डीबगरच्या सक्तीच्या मार्गाचा, कारण ब्रेकपॉइंट आणि स्टॅक दुरुस्ती त्यावर चालते. तुमच्या कर्नलमध्ये असे मार्ग किती आहेत ते शोधायला एक संध्याकाळ द्याच. हमखास एखादा विसरलेला सापडतो.

पेज टेबलची गोष्ट इंटरफेसची नाही, पण तुम्ही त्यात अडकणार म्हणून सांगतो. एक्स८६ वर ‘लिहिण्याची परवानगी नाही, पण डर्टी (आधी लिहिलं गेलेलं) आहे’ अशी नोंद म्हणजेच शॅडो स्टॅक. फोर्क करताना, म्हणजे प्रोसेसची प्रत बनवताना, कॉपी-ऑन-राइटसाठी (कोणी लिहीपर्यंत पेज दोघांत सामायिक ठेवण्यासाठी) तुम्ही डर्टी पेजची परवानगी काढता, तेव्हा नकळत नेमकी हीच जोडी तयार होते आणि साधं पेज शॅडो स्टॅक होऊन बसतं! उपाय असा की परवानगी काढताना डर्टी बिट सॉफ्टवेअरसाठी मोकळ्या असलेल्या बिटात हलवायचा आणि परवानगी परत देताना मूळ जागी आणायचा. लिनक्सनेही हेच केलं.

चालू कोण करणार? बायनरीवर ‘मी शॅडो स्टॅकशी जुळतो’ अशी खूण असते, आणि कर्नलने ती पाहून आपोआप चालू करावं हे सरळ वाटतं. लिनक्सने तसं केलं नाही. कंपायलर आणि वितरणं ही खूण कर्नलमध्ये सोय येण्याच्या कितीतरी आधीपासून मारत होती. सोय २०२३ मध्ये ६.६ आवृत्तीत आली. मधल्या काळातल्या खुणा प्रत्यक्ष चालवून तपासलेल्या नव्हत्या. कर्नलने त्यांवर विश्वास ठेवला असता तर कर्नल बदलल्याबरोबर चालते प्रोग्राम पडले असते. म्हणून कर्नल खूण बघतच नाही. लोडर किंवा सी लायब्ररी ठरवते आणि सिस्टिम कॉलने मागते. तुमच्याकडे जुन्या बायनरी नसतील तर कर्नलनेच ठरवायला हरकत नाही, ते जास्त सुटसुटीतही आहे. असतील तर धोरण लोडरकडे सोपवा. विंडोजने तिसरी वाट घेतली: नेहमीच्या मोडमध्ये खूण नसलेल्या मॉड्यूलमधला बेमेळ रिटर्न माफ होतो, कडक मोडमध्ये कुठलाच होत नाही. त्यासाठी फॉल्ट हँडलरला प्रत्येक मॉड्यूलची माहिती लागते. छोट्या कर्नलला हे ओझं मी घालणार नाही.

चालू करणाऱ्या सिस्टिम कॉलची एक गंमत: तो ज्या फंक्शनमधून कराल त्यातून परत येता येत नाही. नवा शॅडो स्टॅक रिकामा असतो, त्यावर त्या फंक्शनच्या परतीचा पत्ता नसतो, त्यामुळे पहिल्याच रिटर्नवर फॉल्ट. नेहमीसारखं सिस्टिम कॉलचं आवरण फंक्शन लिहून ते बोलावलंत तर प्रोग्राम तिथेच मरेल. कॉल इनलाइन हवा, आणि प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीच्या, कधीही न परतणाऱ्या भागात हवा. हे दस्तऐवजात ठळक लिहा, नाहीतर हाच प्रश्न तुम्हाला वारंवार विचारला जाईल.

याच कॉलच्या शेजारी कुलूप हवं. लोडरने सगळ्या लायब्ररी पाहिल्या, निर्णय घेतला, की पुढे चालू-बंद काही करता येऊ नये. कुलूप उघडायचा मार्ग फक्त बाहेरून, डीबगरच्या अधिकारानेच असावा. नंतर खूण नसलेली लायब्ररी आली तर ती नाकारायची. ‘तेवढ्यापुरतं बंद करू’ ही सोय देऊ नका. ही अवस्था थ्रेडगणिक असते, एका थ्रेडने स्वतःपुरतं बंद केलं तरी बाकीचे थ्रेड त्याच लायब्ररीत शिरून पडतातच.

थ्रेड बनवताना दोन पर्याय आहेत. लिनक्सच्या पहिल्या आवृत्तीने नव्या थ्रेडचा शॅडो स्टॅक कर्नलकडून आपोआप दिला, थ्रेड संपला की कर्नलच तो सोडवतं. जुना कोड जसाच्या तसा चालावा यासाठी ते योग्यच होतं, पण आकार आणि जागा प्रोग्रामच्या हातात राहत नाही. तुमची पाटी कोरी आहे, म्हणून मी दोन्ही ठेवेन. थ्रेड बनवणाऱ्या कॉलला टोकनचा पत्ता दिला तर कर्नलने ते टोकन तपासावं, अविभाज्य क्रियेत खर्च करावं आणि त्या स्टॅकवर थ्रेड सुरू करावा. नाही दिला तर स्वतः बनवावा. जो बनवतो तोच सोडवतो, हा नियम दोन्हीकडे. फोर्कमध्ये मुलाला कॉपी-ऑन-राइटने स्वतःची प्रत मिळते. व्हीफोर्कमध्ये मूल बापाच्याच शॅडो स्टॅकवर चालतं, तिथे नवा बनवू नका आणि मूल संपताना चुकून सोडवूही नका.

डीबगरसाठी पॉइंटर वाचायची-लिहायची सोय आणि प्रोसेसच्या स्थितीत ‘चालू आहे, कुलूप आहे’ एवढं दाखवणं सुरुवातीला पुरे. परतीचा पत्ता बदलून फंक्शनचा शेवट टिपणारी ट्रेसिंगची साधनं तुमच्याकडे असतील, तर त्यांनी शॅडो स्टॅकवरचा पत्ताही कर्नलमार्फत बदलला पाहिजे. त्यासाठी कर्नल मोडमधली डब्ल्यूआरयूएसएस ही वेगळी सूचना आहे.

म्हणजे तुमच्या ‘किती सिस्टिम कॉल’ या प्रश्नाचा हिशोब असा निघतो: टोकनसह शॅडो स्टॅक बनवणारा एक, चालू, बंद, कुलूप आणि स्थिती यांसाठी एकच नियंत्रण कॉल, थ्रेडच्या कॉलमध्ये एक जादा क्षेत्र. सिग्नलसाठी नवा कॉल लागत नाही, फक्त फ्रेमचं स्वरूप. नावं देताना प्रोसेसरचं नाव त्यात घालू नका. लिनक्समध्ये एक्स८६ साठी आर्क-पीआरसीटीएल या त्याच प्रोसेसरपुरत्या नियंत्रण कॉलचे खास आकडे आले, आणि आर्मच्या वेळी सामान्य पीआरसीटीएलमध्ये वेगळी नावं द्यावी लागली. आता दोन्ही सांभाळावी लागतात.

चाचण्यांमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामपेक्षा पडायला हव्यात अशा प्रोग्रामांवर जास्त वेळ घालवा. एकच टोकन दोनदा वापरणारा, टोकन आठ बाइट सरकवलेला, सिग्नल आलेला नसताना सिगरिटर्न बोलावणारा, रिकाम्या स्टॅकच्या टोकापलीकडे साध्या पेजात खोटी खूण ठेवून सिगरिटर्न करणारा, थेट डिस्कवाचनाचा बफर म्हणून शॅडो स्टॅक देणारा, कुलूप लागल्यावर बंद करू पाहणारा. यातल्या प्रत्येकाचा शेवट फॉल्टने किंवा त्रुटीने झाला पाहिजे, आणि एरर कोड अपेक्षित तोच आला पाहिजे. तुमचा सध्याचा आराखडा, एमप्रोटेक्ट आणि खुल्या डब्ल्यूआरएसएससह, या चाचण्यांवर आधी चालवून पाहा; यातले कुठले प्रोग्राम फॉल्ट किंवा त्रुटी न येता चालून जातात ते इथे लिहा, म्हणजे पुढचं त्यावरून बोलता येईल.